१४० अंश

मे महिन्यातल्या एका दुपारी मूलहून चंद्रपूरला येताना आमची एसटी डांबरीकरणाच्या कामापाशी अडकून पडली. अर्धा रस्ता बंद होता आणि समोरून येणारी वाहनं आधी सोडली जात होती. खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नव्हती. बाहेर नुकत्याच अंथरलेल्या काळ्या थराच्या कडेला एक उंच, सडसडीत, पन्नाशी उलटलेला माणूस लोखंडी दंताळ्याने खडी सारखी करत होता. खालून निघणाऱ्या धुरात त्याचे गुडघ्याखालचे पाय दिसत नव्हते. त्याने दंताळं बाजूला ठेवलं, डब्यातलं डिझेल चपलेच्या तळाला ओतलं, चप्पल दगडावर घासली आणि पुन्हा धुरात जाऊन उभा राहिला. नंतर मी मुद्दाम त्या कामावर गेले, ती त्या चपलेमुळे.

काम आठला सुरू होतं, असं मुकादमाने सांगितलं होतं. माणसं आठला हजर होती, माल नव्हता. हॉटमिक्स प्लांट बराच लांब. तिथे खडी तापवून त्यात डांबर मिसळायचं, डंपर भरायचा, वर ताडपत्री बांधायची, तेव्हा कुठे गाडी निघते. तोवर बायकांनी जुन्या रस्त्यावरची धूळ झाडली आणि त्यावर पातळ डांबराचा फवारा मारून झाला. पहिला डंपर आला तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. म्हणजे सकाळचा त्यातल्या त्यात गार वेळ वाट पाहण्यात जातो आणि सगळ्यात कष्टाचं, सगळ्यात गरम काम दहानंतर सुरू होतं. हे वेळापत्रक प्लांटच्या सोयीचं आहे. माणसांच्या सोयीने आखलं असतं, तर प्लांट पहाटे चारला सुरू झाला असता.

डंपर थांबला की ठेकेदाराकडचा तरुण इंजिनियर वर चढतो, ताडपत्री सारतो आणि थर्मामीटरची लांब दांडी मालात खुपसतो. या मिश्रणाला इथे सगळे ‘माल’च म्हणतात. “१४० च्या खाली गेला तर परत पाठवावा लागतो,” तो म्हणाला. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांतही हेच आहे. या प्रतीच्या डांबराचा माल अंथरताना तो १४० अंशांच्या खाली नको आणि रोलरने दाबून होईपर्यंत ९० च्या खाली उतरायला नको. इंजिनियरच्या हातात एक वही होती. डंपरचा नंबर, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, तापमान. १५२. १४८. १५०. एका डंपरला १४३ आलं, तेव्हा त्याने माल अंथरणाऱ्या पेव्हरवाल्याला लांबूनच हात करून घाई करायला लावली. मन लावून काम करणारा मुलगा आहे. मालाची इतकी काळजी घेतली जाते याचं मला खरंच बरं वाटलं, कारण थंड मालाचा रस्ता नीट दाबला जात नाही आणि पावसात उखडतो, हे आपण सगळेच भोगतो.

आत्ता हवेचं तापमान किती, असं मी त्याला विचारलं. त्याने मोबाइल काढून पाहिलं. ४४. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

हे ४४ कुठलं, तेही समजून घ्यायला हवं. हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चारेक फूट उंचीवर. दंताळेवाले काका उभे होते ते उन्हात आणि १४० अंशांच्या थराला लागून. शिवाय त्या दिवशी चंद्रपुरात सरकारी हिशेबाने उष्णतेची लाटही नव्हती. सपाटीच्या प्रदेशात पारा ४५ ला पोचला, किंवा त्या जागेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला, तर लाट म्हणतात. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या कमाल तापमानाची सरासरीच चाळिशीच्या वर. त्यामुळे ४४ ला इशारा नाही, बातमी नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, अजून यायचा होता.

काकांशी बोलणं तुकड्यातुकड्यांत झालं, कारण दोन डंपरांच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढाच त्यांचा. पेव्हर पुढे सरकतं, मागे गुळगुळीत पट्टा पडत जातो. कडेला, जुन्या रस्त्याच्या सांध्याला, जिथे मशीन पोचत नाही, तिथे दंताळं. थांबून चालत नाही, कारण मागे रोलर येत असतो आणि माल निवत असतो. “पाय तं जळतेच जी,” ते म्हणाले. “त्याचं काही नाही. डोकं भणभणलं का मंग भेव वाटते.” रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि झोप मोडते, हेही त्यांनी सांगितलं. वय झालं म्हणून येतात असा त्यांचा समज होता. घामावाटे मीठ निघून गेलं की स्नायू असे आखडतात. भोवतालची हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीराला उष्णता बाहेर टाकायला घाम सुकणं हा एकच मार्ग उरतो, आणि अंगमेहनतीच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. तो पाण्याने आणि मिठाने भरून निघाला नाही, तर आधी गोळे, मग चक्कर, मळमळ. शेवटी शरीराचं आतलं तापमान ४० च्या पुढे जातं आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. त्या क्षणी सावली, अंगावर पाणी आणि दवाखाना हे सगळं मिनिटांच्या हिशेबात लागतं. इथून ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे, हे कामावरच्या कोणालाच नेमकं सांगता आलं नाही.

पाणी होतं. पण कोणासाठी, ते बघून मला राग आला. रोलरच्या लोखंडी चाकाला डांबर चिकटू नये म्हणून त्यावर सतत पाण्याची धार सोडावी लागते, आणि त्यासाठी सकाळीच टँकर येऊन उभा होता. माणसांसाठी दोन प्लॅस्टिकचे कॅन होते, बाभळीच्या विरळ सावलीत ठेवलेले. काम जसजसं पुढे सरकलं तसतसे ते मागे राहिले. दुपारी कॅन आणि माणसं यांच्यातलं अंतर एवढं झालं की पाणी प्यायला जायचं तर मुकादमाला सांगूनच जावं लागे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं, असं या विषयातले जाणकार सांगतात. इथे दंताळं हातात असताना तासभर कोणी जागा सोडली नाही.

झाडणाऱ्या बायकांपैकी एक मावशी जेवायच्या सुट्टीतही घोटभरच पाणी पीत होती. का, असं विचारल्यावर तिने आजूबाजूला हात फिरवला. “पेलं का जा लागते ना बाई. जाव कुठं? सारं वावर सपाट हाये.” पावसाळ्यात तुरीचा, कपाशीचा आडोसा असतो. मे महिन्यात नांगरलेली काळी जमीन क्षितिजापर्यंत उघडी. म्हणून ती सकाळपासून तहान मारत होती, ४४ अंशांत. कामाच्या जागी पाणी आणि स्वच्छतागृह देणं १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने बंधनकारक केलं, नव्या कामगार संहितेतही ते आहे. रस्त्याचं काम सरकत असतं म्हणून ते शक्य नाही, असं मुकादम म्हणाला. डंपर, पेव्हर, रोलर, टँकर हे सगळं सरकतं. त्यांच्यासोबत चाकांवरचं एक शौचालय आणि ताडपत्रीची सावली सरकू शकत नाही, हे मला पटलं नाही.

रस्ते मंत्रालयाच्या त्याच मानकांच्या पुस्तकात डांबरीकरण कधी थांबवावं, याची यादीही आहे. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर. पाऊस येण्याच्या बेतात असेल तर. धुकं किंवा धुळीचं वादळ असेल तर. वारा ताशी ४० किलोमीटरच्या वर असेल तर. हवा १० अंशांपेक्षा थंड असेल तर. सगळी कारणं रस्त्याच्या भल्याची आणि सगळी योग्यच. पण वरच्या बाजूला मर्यादा नाही. हवा जितकी गरम तितका माल हळू निवतो, म्हणून रस्त्याला मे महिना मानवतो. पावसाआधी काम संपवायचं बंधनही असतंच. त्यामुळे विदर्भातलं सगळ्यात तापलेलं काम विदर्भातल्या सगळ्यात तापलेल्या महिन्यात होतं, आणि कुठल्या तापमानाला उघड्यावरचं काम बंद करायचं हे आपल्या देशाच्या कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात तापमानाचं कलम होतं, पण ते कारखान्याच्या खोलीतलं. रस्त्यासाठी फक्त सल्ला: दुपारी १२ ते ३ उन्हात कष्टाचं काम टाळा. ज्याला रोजावर पैसे मिळतात, तो सल्ला ऐकून तीन तासांची मजुरी सोडेल कशी?

इतर ठिकाणी दुपारचं काम हुकमाने थांबतं. केरळचा कामगार विभाग दर उन्हाळ्यात कामाचे तास बदलतो आणि दुपारी १२ ते ३ विश्रांती सक्तीची करतो. तिथलं ऊन चंद्रपूरच्या मानाने काहीच नाही, दमटपणा जास्त. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद असतं. शिवाय ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरून काढलेला निर्देशांक ३२.१ च्या वर गेला की वेळ कुठलीही असो, काम थांबवावं लागतं. तो नियम यायला स्टेडियम बांधणाऱ्या कितीतरी भारतीय आणि नेपाळी मजुरांचे हाल व्हावे लागले. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या सरकारी सोहळ्यात उष्माघाताने १४ जण गेले. ते काम करत नव्हते, बसलेले होते, आणि पारा चाळिशीच्या आत होता. त्यानंतर सभांच्या वेळांवर चर्चा झाली. रस्त्यावरच्या माणसापर्यंत ती आली नाही.

ठेकेदाराशीही बोलले. तो वाईट माणूस नाही. दुपारी काम थांबवलं तर प्लांटचं भाडं, डंपरचं भाडं, मुदत चुकली तर दंड, असा त्याचा हिशेब होता आणि तो खोटा नाही. रात्री काम का नाही, असं मी विचारलं. दिवे लागतात, खर्च वाढतो, म्हणाला. पण मुंबईत डांबरीकरण रात्री होतं, कारण दिवसा गाड्यांची कोंडी होते. मे महिन्यातल्या रात्री चंद्रपूरची हवा ३० अंशांच्या आसपास असते, म्हणजे मानकातल्या १० अंशांच्या खूप वर. मालाला ती चालते. गाड्यांसाठी रात्री दिवे लावता येतात, तर दंताळेवाल्या काकांसाठीही लावता येतील. तो खर्च निविदेत धरला तर ठेकेदाराला तो खिशातून करावा लागणार नाही.

त्या दिवशी कामावर एक नवा मुलगाही होता, अठरा-एकोणीसचा, परीक्षा देऊन आलेला. पहिलाच दिवस, आणि हातात फावडं देऊन त्याला पेव्हरच्या तोंडाशी उभं केलेलं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेचा निष्कर्ष असा की उष्णतेने होणाऱ्या कामगार-मृत्यूंपैकी जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी होतात. शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून नव्या माणसाने पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच करावं, मग रोज तेवढंच वाढवावं, असा नियम ती यंत्रणा सुचवते. तीनच्या सुमारास तो मुलगा खाली बसला. काकांनी दंताळं टाकलं, त्याला ओढत बाभळीखाली नेलं, आपला दुपट्टा ओला करून त्याच्या मानेवर ठेवला. मुकादम ओरडला, कारण डंपर उभा होता आणि माल १४० च्या खाली चालला होता. काका उठले नाहीत. मुलगा अर्ध्या तासाने सावरला. तोवर कडेचा काही भाग तसाच दाबला गेला, खडबडीत.

ही जबाबदारी काकांवर टाकून चालणार नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपालिका यांनी निविदेतच काही अटी घालाव्यात: एप्रिल-मे महिन्यांत दुपारी १२ ते ४ डांबरीकरण बंद, त्या तासांची मजुरी चालू, पहाटेची किंवा रात्रीची पाळी, कामासोबत सरकणारी सावली, पाणी आणि शौचालय, गमबूट. त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. मालाचं तापमान लिहायची ती वही आजही प्रत्येक कामावर असते. तिच्यात हवेच्या तापमानाचा आणखी एक रकाना आखावा, आणि तो भरल्याशिवाय ठेकेदाराचं बिल मंजूर करू नये. तुमच्या गावाचा रस्ता येत्या उन्हाळ्यात होणार असेल, तर ग्रामसभेत ही वही दाखवा म्हणून मागा.