छोटी स्पीडबोट, मोठं इंजिन आणि काही पक्के गैरसमज

मालवण-तारकर्लीपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर पंधरा-सोळा फुटी फायबरच्या, मागे एकच आऊटबोर्ड इंजिन लावलेल्या बोटी आता सर्रास दिसतात. कुणी पर्यटकांना फेरी मारून आणतं, कुणी डॉल्फिन दाखवतं, कुणी हौसेखातर ठेवतं. पावसाळ्यात या बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि त्याच दिवसांत पुढच्या सीझनचे बेत ठरतात. पिकअप वाढवायचा, वेग वाढवायचा, म्हणून काय बदलायचं? पहिलं उत्तर बहुतेक वेळा ‘इंजिन’ असतं. माझं स्पष्ट मत असं की हे उत्तर शेवटी यायला हवं. वेगासाठी खर्च होणाऱ्या पैशातला मोठा भाग चुकीच्या जागी जातो, आणि त्याच्या मुळाशी काही समजुती आहेत.

गैरसमज : इंजिन दीडपट केलं की वेगही दीडपट होतो

पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग काढायचं एक जुनं, आजही वापरात असलेलं सूत्र आहे. अमेरिकेतले बोटरचनाकार जॉर्ज क्राउच यांच्या नावाने ते ओळखलं जातं. १९२४ साली गोल्ड कप शर्यत जिंकणारी ‘बेबी बूटलेगर’ त्यांनीच रेखाटली होती. सूत्राचा गाभा सोपा आहे : एकूण वजनाच्या मानाने इंजिनाची ताकद किती, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वेग वाढतो. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद २१ टक्के वाढवावी लागते. ताकद दुप्पट केली तरी वेग फार तर ४१ टक्के वाढतो.

एक हिशेब मांडू. रिकामी बोट ४०० किलो, ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन ७५ किलो, पेट्रोल, नांगर, लाइफ जॅकेट वगैरे मिळून ७५ किलो आणि चार माणसं २८० किलो. एकूण झाले ८३० किलो. ही बोट पूर्ण थ्रॉटलवर ताशी ४६ किलोमीटर जाते असं धरू. आता मागे ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन आलं. त्याचं वजन ११० किलोच्या आसपास, त्यामुळे एकूण वजन ८६५ झालं. सूत्राप्रमाणे नवा वेग येतो ताशी ५५ किलोमीटर. काही लाखांचा खर्च आणि वाढ नऊ किलोमीटरची.

त्याच बोटीतून, इंजिन तेच ठेवून, १०० किलो वजन कमी केलं तर? वेग ४९ होतो. ताकदीच्या भाषेत सांगायचं तर तेवढं वजन उतरवणं म्हणजे साडेपाच हॉर्सपॉवर फुकट मिळण्यासारखं आहे.

१०० किलो कुठून काढायचे, असं कुणी विचारेल. जुन्या फायबरच्या बोटीत फळ्यांखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षं बारीक भेगांतून पाणी मुरलं की तो ओला होतो आणि आपणहून वाळत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे अशी बोट मूळ वजनापेक्षा शंभर किलोने सहज जड झालेली असू शकते. बाहेरून काहीच कळत नाही. बोट वर घेतल्यावर एकदा काट्यावर तोलून घेतली तर कळतं. जास्तीची दोरखंडं, दोन-दोन नांगर, भरून ठेवलेले पाण्याचे कॅन हे त्यानंतर आलं. तळाला धरलेलं शेवाळ आणि चिकटलेले बार्नेकल यांचा अडथळा तर वजनाहून वाईट. आठवडेच्या आठवडे खाडीत उभ्या असलेल्या बोटीला तळ घासून साफ करण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

गैरसमज : पंखा काय, कुठलाही चालतो, जास्त पिचचा घेतला की बोट जास्त पळते

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या बदलांत पंख्याइतका फरक कमी पैशात दुसऱ्या कशाने पडत नाही, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही त्याच्याकडेच होतं.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जितका पुढे सरकतो, तसं पंख्याने एका फेऱ्यात जितकं अंतर कापायला हवं ते पिच. पाणी लाकडासारखं घट्ट नसल्याने प्रत्यक्षात तो तेवढा सरकत नाही. हा जो तोटा होतो त्याला स्लिप म्हणतात. हलक्या, वेगवान बोटीत १० ते १५ टक्के स्लिप असणं स्वाभाविक आहे; भरलेल्या, जड बोटीत ती त्याहून बरीच जास्त असते.

इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती असावा याचा पट्टा दिलेला असतो. कुठे ४५०० ते ५५००, कुठे ५००० ते ६०००. नेहमीचं वजन घेऊन, थ्रॉटल पूर्ण उघडून, इंजिन त्या पट्ट्याच्या वरच्या भागात पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर पंखा जड आहे. पट्ट्याच्या वर जात असेल तर पंखा हलका आहे. पिच एक इंचाने बदलली की आरपीएम साधारण १५० ते २०० ने बदलतो : पिच कमी केली की वाढतो, जास्त केली की घटतो.

आता जास्त पिचचा मोह कुठे नडतो ते बघा. ५००० ते ६००० पट्ट्याचं इंजिन १५ इंची पिचच्या पंख्यावर ४७०० च्या वर जात नाही, असं समजा. इंजिनाची पूर्ण ताकद वरच्या आरपीएमला मिळते, तिथे ते कधी पोचतच नाही. म्हणजे घेतलेल्या हॉर्सपॉवरपैकी काही कायमच्या गोदामात पडून आहेत. शिवाय सहा माणसं बसली की बोट उचलत नाही, नाळ वर करून पाणी ढकलत राहते आणि इंजिन पूर्ण थ्रॉटलवर कण्हत असतं. अशा ओझ्याखाली सिलिंडरमधलं तापमान वाढतं, कार्बन साचतो, पिस्टनला इजा होते. तिथे १३ इंची पंखा लावला तर आरपीएम ५००० च्या वर सरकतो आणि भरलेली बोट झटकन उचलते. एकट्याने चालवताना वरचा वेग कदाचित थोडाच बदलेल, पण ज्याचं पोट भरलेल्या बोटीवर चालतं त्याला त्या उचलण्यानेच पेट्रोल वाचतं.

आपला पंखा बरोबर आहे का हे घरच्या घरी तपासता येतं. आरपीएमला गिअरच्या गुणोत्तराने भागा, पिचने गुणा आणि ०.००१५२४ ने गुणा. येईल तो ताशी किलोमीटरमधला हिशेबी वेग. गिअर २ ला १, पिच १३ आणि आरपीएम ५५०० असेल तर उत्तर ५४.५. मोबाइलच्या जीपीएसवर प्रत्यक्ष वेग ४६ दिसला तर स्लिप सुमारे १६ टक्के, म्हणजे ठीक. तो ३८ दिसला तर स्लिप ३० टक्क्यांवर गेली, आणि अशा वेळी नवं इंजिन शोधण्याआधी पंख्याची पाती, इंजिनाची उंची आणि बोटीचं वजन बघायला हवं. मोजताना एकाच दिशेचा आकडा धरू नका. खाडीत भरती-ओहोटीची ओढ असते, म्हणून जाता-येता दोन्हीकडे मोजून सरासरी काढावी.

स्टेनलेस स्टीलचा पंखा ॲल्युमिनियमपेक्षा भारी, ही समजूत अर्धी खरी आहे. स्टील कडक असल्याने पाती पातळ ठेवता येतात आणि जोर आला तरी वाकत नाहीत, त्यामुळे वेगात थोडा फायदा होतो. पण खडकाळ किनाऱ्यावर, वाळूच्या बारवर ॲल्युमिनियमचं पातं वाकून धक्का स्वतः सोसतं. स्टीलचं पातं वाकत नाही, म्हणून त्या धक्क्यातला बराचसा भाग आत गिअरकडे जातो. देवबागच्या संगमासारख्या उथळ, सतत सरकणाऱ्या वाळूत रोज धंदा करणाऱ्याला मी ॲल्युमिनियमचाच सल्ला देईन, आणि बोटीत एक जादा पंखा, पाना आणि कॉटर पिन ठेवायला सांगेन. चार पात्यांचा पंखा पाणी चांगलं धरतो, भरलेली बोट लवकर उचलतो आणि वरचा वेग किंचित कमी करतो.

गैरसमज : वळताना इंजिन एकदम रेस होतं, म्हणजे कॅव्हिटेशन

बहुतेक वेळा ते कॅव्हिटेशन नसतं. पृष्ठभागावरची हवा पंख्याकडे ओढली जाते आणि पात्यांना पाण्याऐवजी फेस मिळतो, हे व्हेंटिलेशन. कॅव्हिटेशनमध्ये हवेचा संबंध नाही. पात्याच्या पाठीवर दाब इतका कमी होतो की थंड पाणीच उकळून त्याची वाफ होते, आणि ते बुडबुडे फुटताना धातू खरवडतात. ब्रिटिश अभियंता चार्ल्स पार्सन्सला हे १८९४ मध्ये ‘टर्बिनिया’ या बोटीवर भोगावं लागलं. वाफेचं टर्बाइन जबरदस्त होतं, पण एकाच दांड्यावर बोट २० नॉटच्या आसपास अडकली. त्याने काचेच्या खिडकीची टाकी बनवून बुडबुडे प्रत्यक्ष पाहिले, मग तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन पंखे अशी रचना केली. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवी नौदल संचलनात त्याच बोटीने ३४ नॉटचा वेग दाखवून सगळ्यांना थक्क केलं. इंजिन तेव्हाही वाफेचं टर्बाइनच होतं. अडचण पंख्यात होती.

आपल्या बोटीवर मात्र बहुधा इंजिनाची उंचीच चुकलेली असते. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याहून इंचभर वर असावी. त्याहून वर गेली तर हवा खेचते, खाली राहिली तर इंजिनाच्या पायाचा जास्त भाग पाण्यात घासत वेग खातो. सेकंडहँड इंजिन घेताना दांड्याची लांबी, म्हणजे १५, २० की २५ इंच, मागच्या फळीच्या उंचीशी जुळते का हे न बघता सौदा करू नये. इंजिन एक भोक वर-खाली करण्यासाठी बोल्ट सोडून कसण्याइतकाच खर्च येतो. ट्रिमचंही तसंच. इंजिन फार आत कललं तर नाळ पाण्यात घुसते, फार बाहेर कललं तर बोट उड्या मारते. पट्टीला भोकं पाडून बसवायचे प्लॅस्टिकचे पंखवजा फिन बोट लवकर उचलायला मदत करतात, पण अनेकदा चुकीचा पंखा किंवा मागे साठलेलं वजन झाकण्यापुरताच त्यांचा उपयोग होतो.

गैरसमज : महागडं पेट्रोल टाकलं की ताकद वाढते

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली इंधन वेळेआधी पेटू नये, एवढंच त्याचं काम. पुस्तकात सांगितलेलं ऑक्टेन पुरेसं असेल तर १०० ऑक्टेनच्या पेट्रोलने बोट जास्त पळत नाही, पैसे तेवढे जातात. काळजी करायची असेल तर इथेनॉलची करा. आज पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आऊटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तकांत मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं जिथून नळी इंधन उचलते. चार महिने अर्धी टाकी पेट्रोल घेऊन पावसाळ्यात उभी असलेली बोट सप्टेंबरात का कुरकुरते, याचं उत्तर अनेकदा तिथेच सापडतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पावसाळ्यापूर्वी रिकामी केलेली टाकी, हे वेग वाढवणारे बदल म्हणून कुणी मोजत नाही. मी मोजतो.

गैरसमज : मागची फळी धरते ना, मग मोठं इंजिन लावायला काय हरकत?

फळी आज धरते. पण जास्त वजन आणि जास्त जोर लाटेच्या प्रत्येक आपटीत तिच्यावर येतो, आणि फायबरच्या आतलं लाकूड कुजलेलं असेल तर ते बाहेरून दिसत नाही. म्हणून बोट बांधणाऱ्याने ठरवून दिलेली हॉर्सपॉवरची कमाल मर्यादा ओलांडू नये. महाराष्ट्रात सागरी मंडळ आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडच्या नोंदणीत इंजिनाचा तपशील असतो. इंजिन बदललं आणि कागद बदलले नाहीत, तर अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

वेग वाढवण्याआधी सुकाणूची केबल, थ्रॉटलची केबल आणि किल-स्विच (चालक जागेवरून पडला तर इंजिन बंद करणारी कळ) बदलून घ्या. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या समुद्रात नौदलाच्या वेगवान बोटीची इंजिन-चाचणी चालू असताना ती नियंत्रणाबाहेर गेली आणि ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. डझनाहून अधिक माणसांचा जीव गेला. प्रशिक्षित हातांकडून असं होऊ शकतं, तर नव्या पंख्याची किंवा नव्या इंजिनाची पहिली चाचणी गर्दीच्या वेळी, जेटीसमोर, पर्यटक बसवून करणं किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान बोटींवर किल-स्विचची दोरी चालकाला जोडलेली असणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे ती बहुतेक बोटींत डॅशबोर्डलाच लटकलेली असते.

पहिली चाचणी सकाळी लवकर, वारा नसताना, फेरीबोटींच्या वाटेपासून दूर करावी. चालकाखेरीज एकच माणूस सोबत घ्यावा, दोघांनी लाइफ जॅकेट घालावं आणि दोरी चालकाच्या मनगटाला बांधावी. आधी अर्ध्या थ्रॉटलवर दोन्ही बाजूंना वळून सुकाणू बघावं, मग पूर्ण थ्रॉटल उघडून आरपीएम आणि जीपीएसचा वेग लिहून घ्यावा. मग नेहमीच्या वजनाएवढे वाळूची पोती बोटीत टाकून तेच पुन्हा मोजावं.