प्रश्न सोडायची तालीम

दुपारचा दीड वाजतो आणि सर क्लासचं दार आतून लावून घेतात. बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, खाली मोबाइलची दुकानं, वर हा एका खोलीचा क्लास. लगेच काचेवर टकटक होते. वाणगावचा मुलगा, आधीची गाडी चुकली म्हणतो. सर त्याला घड्याळ दाखवतात. "नीटच्या दिवशी गेट दीडला बंद. गाडीबिडी तिथे कोणी ऐकत नाही." बाहेर पाच मिनिटं तिष्ठत ठेवून मग आत घेतात. ही शिक्षाही तालमीचाच भाग आहे.

एप्रिलचा रविवार आहे, पेपर दोन ते पाच, खऱ्या परीक्षेच्याच वेळेत. भर दुपारी डोकं चालायची सवय व्हावी म्हणून. सगळ्यांनी अर्ध्या बाह्यांचे कपडे घातलेत, पायात चपला, बाकावर पारदर्शक बाटली. मी मागच्या बाकावर बसून बघतोय. दोन पंखे गरम हवाच फिरवतात आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर एमआयडीसीचा वास खिडकीतून येतो. नाक फक्त मी मुरडतो. इथल्यांना तो जाणवतही नसावा.

पेपर वाटले जातात. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा, सोडलं तर शून्य. सर फळ्यावर एवढंच लिहितात: 'नाही येत? सोड.' खाली दोन रेघा.

पहिला तास सगळे बायोलॉजीवर असतात. ते हातचे मार्क. पेनं भराभर चालतात, गोल काळे होत जातात. तिसऱ्या रांगेत विक्रमगडकडची एक मुलगी आहे, दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली. ओठ हलवत वाचते. 'मायटोकॉन्ड्रिया'वर बोट ठेवून पुटपुटते, "तंतुकणिका." नीटचा पेपर मराठीत घेता येतो, सोबत इंग्रजीही छापलेलं असतं, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य. म्हणून सरांनी तिला इंग्रजीतच वाचायला लावलंय. प्रत्येक प्रश्न तिला दोनदा ओलांडावा लागतो, घड्याळ मात्र एकदाच मोजतं.

फिजिक्स उघडतं तशी खोली बदलते. कोणी पाणी पितं, कोणी पंख्याकडे बघतं. युरेनियम-२३५ च्या विखंडनावर एक प्रश्न आहे. टॅप्स कॉलनीतला, अणुऊर्जा केंद्रातल्या कर्मचाऱ्याचा मुलगा, तो वाचून नुसता हसतो. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, देशातल्या पहिल्या व्यावसायिक. त्याच्या घरी हा विषय जेवताना निघत असणार. पण किरणोत्सर्ग आणि अर्धायुष्य २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातून गेलं. केमिस्ट्रीतून पर्यावरणीय रसायनशास्त्र गेलं, बायोलॉजीतून पर्यावरणाच्या समस्यांचा धडा गेला. मुलांवरचं ओझं कमी झालं हे खरंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत प्रदूषित ठरलेली औद्योगिक वसाहत म्हणजे हीच, तारापूरची. खिडकीतून येतं ते पेपरात येणार नाही. उद्याचे डॉक्टर ते पेशंटच्या छातीत ऐकून शिकतील.

पाचला सर पेपर ओढून घेतात. एकाचं पेन अजून चालू असतं. त्याच्या हाताखालून ओएमआर शीट निघते ती तिरपी रेघ घेऊनच.

मग चर्चा. टॅप्सवाल्याने १८० च्या १८० गोल भरलेत. सर कपाळाला हात लावतात. तो उठून हिशेब मांडतो: "सर, आंधळा तुक्का मारला तर चारात एकदा बरोबर. चार मिळणार, तीन जाणार. म्हणजे चार प्रश्नांत एक मार्क फायद्यात. दर प्रश्नी पाव."

"तो पाव मार्क सरासरीत मिळतो," सर म्हणतात. "तू मेमध्ये सरासरीला बसवणार आहेस का?"

वर्ग हसतो. हिशेब चूक नाही, हे सरांनाही माहीत आहे; ते फळ्याकडे वळतात आणि विषय २०२४ आणि २०२५ वर नेतात. २०२४ ला सुधारित निकालानंतरही ७२० पैकी ७२० वाले १७ होते. २०२५ ला फिजिक्सने असं दळलं की देशात पहिला आला तो ६८६ वर. "पेपर कसा येईल ते आपल्या हातात नाही. काय सोडायचं ते आहे."

जिन्यात तोवर पालक जमलेत. एका वडिलांच्या शर्टावर अजून कंपनीचं ओळखपत्र लटकतंय. डहाणू तालुक्यात सासवंदला मेडिकल कॉलेज आहे, घराजवळ पडेल, असं ते दुसऱ्याला सांगतात. "खासगी आहे ना पण?" यावर दोघेही थोडा वेळ मोबाइल बघतात.

आत विक्रमगडच्या मुलीची शीट तपासून झालीय. चुका मोजून चार. सर खूश. कोरे गोल मात्र एकतीस. सर एकेक प्रश्न तोंडी विचारायला लागतात. लेन्सचा? ती सांगते. बरोबर. ओहमच्या नियमावरचा? बरोबर. तिसरा, चौथाही. पाचव्याला ती अडते, तेवढंच.

"मग भरले का नाहीस?"

"खात्री नव्हती, सर." फळ्याकडे मान. "तुम्हीच लिहिलंय."

सर गप्प बसतात. मला फळ्यावरची ती ओळ आता वेगळीच दिसते. ज्याला घरातून, शाळेतून, भाषेतून आपलं बरोबर असण्याची सवय लागलीय, तो ती वाचून पाव मार्काचा हिशेब करतो. जिला अशी सवय कोणी लावलीच नाही, ती येणारं उत्तरही त्या ओळीच्या नावाखाली सोडून देते. नियम एकच, सगळ्यांना सारखा छापलेला.

टॅप्सवाला बॅग उचलता उचलता थांबतो. "अगं, माझा तुक्का होता. तुला तर येतंय!"

"चुकलं असतं तर?"

"तर एक जातो. सोडलेस ते आले असते तर चार चार आले असते."

ती बोटांवर काहीतरी मोजते. सर तिच्यासाठी नवी ओएमआर शीट काढतात, पुढे सरकवतात. "हे एकतीस परत. आणि एकही कोरा नको."

"सर, मनोरची एसटी..."

"पुढची पकड. घरी मी फोन करतो."

ती पेनाचं टोपण काढते आणि लेन्सचा प्रश्न पुन्हा वाचायला घेते, ओठ हलवत.