तोळाभर मातीचे दोन एकर

इंदापूर तालुक्याच्या मातीची सरकारी परीक्षा होऊन आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. प्रिंगलसाहेबाने आधी बसविलेला सारा रयतेला झेपेनासा झाल्यावर गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघा अंमलदारांनी १८३६च्या सुमारास जी नवी जमाबंदी या तालुक्यात प्रथम सुरू केली, आणि जिचे नियम १८४७च्या संयुक्त अहवालात कायम होऊन पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र रूढ झाले, तिच्यात मातीचा पोत, रंग आणि खोली पाहून जमिनीची प्रत ठरत असे. पावणेदोन हात खोल, एकसारख्या बारीक पोताची काळी जमीन ती सोळा आण्यांची. तेथून खाली उतरत दोन आण्यांच्या बरडापर्यंत नऊ पायऱ्या. आणि मातीत चुनखड मिसळलेली आढळली, की तेवढ्या दोषापायी प्रत आणखी घटे. परंतु त्याच मातीची आणखी एक प्रतवारी या मुलखात चालत आली होती. तिची नोंद कोणत्याही दफ्तरात झाली नाही, कारण ती करणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांना त्या मातीने डोके धुवायचे होते.

या प्रतवारीचे नियम मला बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या काठी असलेल्या एका वस्तीवर, सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींकडून समजले. शेताची वरची माती त्या कधीच घेत नसत, कारण तीत शेणखत आणि काडीकचरा असतो. विहीर खणताना खालून निघालेली, किंवा दरडीचा दर्शनी थर खरवडून टाकल्यावर आत लागलेली काळी चिकणमाती तेवढी न्हाण्याच्या उपयोगाची. ती अंगठा आणि तर्जनी यांमध्ये ओली करून चोळावयाची. बोटांना लोण्यासारखी लागली तर ठेवावयाची, कचकच लागली तर टाकून द्यावयाची. चुनखडीची माती येथेही नापासच. मोजणीदाराने तिला कमी आणे दिले ते पिकाच्या हिशेबाने आणि मावशी तिला टाकतात ते टाळूला ओरखडे पडतात म्हणून. पण दोन्ही परीक्षकांचा निकाल मात्र एकच पडला.

आता वस्तीवर काळी माती कोणी वापरीत नाही. मावशींच्या सूनबाई बारामतीच्या पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानातून मुलतानी मातीचे खडे आणतात. शिकेकाई, रिठा, नागरमोथा आणि गव्हला कचरा यांच्या डब्यांशेजारी फिकट पिवळसर रंगाच्या या खड्यांचे पोते उघडे असते आणि दुकानदार ते किलोने तोलून देतो. मुलतान फाळणीनंतर परदेशात गेले आणि आपल्याकडे विकली जाणारी माती आता बहुतांशी राजस्थानच्या बाडमेर-बिकानेरकडील खाणींतून येते. तिच्यात मुख्यत्वे स्मेक्टाइट कुळातील खनिजे असतात. आणि मौज अशी, की दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन, पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसाच्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात क्षारांचा पुरेसा निचरा न झाल्यामुळे जी काळी माती तयार झाली, तिच्यातही प्राबल्य याच कुळाचे आहे. शेकडो कोसांवरून विकत आणलेली माती आणि घरामागची नांगरट, ही दोन्ही एकाच गोत्राची.

माती भिजविण्याचे काम सूनबाई आदल्या रात्री करीत नाहीत, हे पाहून मला नवल वाटले. कारण पुस्तकी कृतींत बहुधा रात्रभर भिजत ठेवण्यास सांगितलेले असते. त्यांनी परातीत मुबलक पाणी घेतले, त्यात खडे सोडले आणि हात न लावता बाजूला बसल्या. कोरडा खडा पाण्यात पडताच त्याच्या पोटातील हवा बारीक बुडबुड्यांच्या माळांनी वर येऊ लागली, कान देऊन ऐकले तर चुरचुर ऐकू येई, आणि पहिल्या वळवाच्या वेळी उठतो तो वास घरभर पसरला. पाहता पाहता खड्याच्या कडा सुटल्या, पापुद्रे गळाले आणि थोड्याच वेळात तेथे खडा असा उरलाच नाही. मग त्यांनी ते पाणी ढवळून क्षणभर थांबविले आणि वरचा गढूळ भाग दुसऱ्या भांड्यात ओतून घेतला. तळाशी राहिलेली रेव मला दाखवून त्या म्हणाल्या, “हीच त्वांडाला वरबाडती.” जड कण आधी बसतात आणि सूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात, एवढ्याच तत्त्वावर त्यांनी वाळू आणि माती वेगळी केली होती. दुसऱ्या भांड्यातील माती तळाशी बसल्यावर वरचे निवळ पाणी काढून टाकले, तेव्हा खाली जो साईसारखा लगदा उरला तो लावण्यायोग्य.

या लगद्याचे सामर्थ्य कशात आहे, हे कळण्यासाठी त्याच्या अंतरंगात थोडे डोकवावे लागते. स्मेक्टाइटचा कण म्हणजे एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांची चवड असून एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतका जाड असतो. या पापुद्र्यांवर ऋण विद्युत्भार असतो आणि तो भागविण्यासाठी त्यांच्यामध्ये सोडियम, कॅल्शियम यांसारख्या धातूंचे अणू विद्युत्भारित अवस्थेत धरून ठेवलेले असतात; पाणी मिळाले की ते या फटींत शिरते आणि चवड फुगते. आतबाहेरचा सारा पृष्ठभाग हिशेबात धरला तर शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममागे तो सुमारे ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. म्हणजे तोळाभर मातीत दोन एकरांहून अधिक रान दडलेले असते. पाणी पापुद्र्यांच्या आत जाते, तर त्वचेवरील तेलकट स्राव मुख्यतः कणांच्या बाहेरील पृष्ठभागावर आणि कणाकणांमधील सूक्ष्म पोकळ्यांत ओढला जातो, व त्याला चिकटलेली धूळ आणि मळ त्याच्यासंगे निघून येतो. याखेरीज ही माती काही करीत नाही. ती त्वचेला काही देत नाही, मुळांना पोसत नाही, वर्ण पालटत नाही. ती घेते, एवढाच तिचा धर्म.

आणि घेणाऱ्याला आवरणे हीच या कामातली खरी कला. मावशींच्या नातीने कपाळ, नाक आणि हनुवटी येथे लेप लावला. डोळ्यांभोवतीची नाजूक जागा आणि ओठांच्या कडा तिने सोडल्या. लेपाच्या कडा फिकट होऊ लागल्या न लागल्या, तोच आतून मावशींचा आवाज आला, “वाळू दिऊ नगंस गं, वलं हाय तवर धू.” मी मात्र हाताच्या पाठीवरचा लेप मुद्दाम पूर्ण वाळू दिला. प्रथम गारवा वाटला, नंतर कातडी ओढली जाऊ लागली, आणि शेवटी लेपावर आडव्यातिडव्या भेगा पडल्या. चैत्रात काळ्या रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्यांचेही कारण हेच. दोन्हीकडे पापुद्र्यांमधील पाणी निघून गेल्यामुळे खनिज आकसते. धुतल्यावर ती जागा स्वच्छ झाली होती खरी, परंतु संध्याकाळपर्यंत पांढुरकी आणि खरखरीत राहिली. तेलाचा अतिरेक काढून झाल्यावरही माती थांबली नव्हती. त्वचेला लागणारी स्निग्धताही तिने वसूल केली होती. म्हणूनच या घरात माती लावल्यावर करडईच्या किंवा खोबरेल तेलाची बोटे चेहऱ्यावर फिरविण्याचा परिपाठ आहे, थंडीत माती बंद असते, आणि मुळातच कोरड्या कातडीच्या माणसाला ती कोणी लावू देत नाही.

केसांचा विधी वेगळा. लगदा केसांच्या लांबीवर न थापता भांग पाडून टाळूला लावतात, बोटांच्या पेरांनी हलके फिरवितात आणि वाळण्यापूर्वीच घंगाळभर कोमट पाण्याने धुऊन काढतात. शेवटच्या तांब्यात थोडे ताक किंवा लिंबाचा रस. माती किंचित अल्कधर्मी असली तर केसांचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि आंबट पाणी तो पुन्हा बसवते. फेस मात्र अजिबात येत नाही, आणि साबणाला सरावलेल्या मनाला डोके निघालेच नाही असे वाटत राहते. पण या मुलखात फेस न येणे हाच पूर्वी मातीचा गुण होता. येथील पुष्कळ विहिरींचे पाणी जड. साबणाचा त्या पाण्यातील कॅल्शियमशी संयोग झाला की फेसाऐवजी चिकट साका तयार होतो आणि तो केसांतच बसतो. मातीचे काम फेसावर अवलंबून नसल्यामुळे ती अशा पाण्यात अडत नाही.

पाण्याचा हा प्रश्न पुढे कालव्याने अधिक बिकट केला. नीरा डावा कालवा १८८५मध्ये सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानांत ऊस उभा राहिला. परंतु निचऱ्याची सोय नसलेल्या खोल काळ्या जमिनींत पाण्याची पातळी वर चढली आणि तिच्याबरोबर क्षारही वर आले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील डॉ. हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी १९१०मध्ये नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. सोडियम वाढले की तेच पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, ओली माती राड होते आणि वाळल्यावर कुदळीला दाद देत नाही. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो. खारवट माती कपड्याचा मळ काढते, म्हणून परिटांनी तिचा उपयोग केला, परंतु मावशींच्या प्रतवारीत चोपणाला स्थान नव्हते. कारण कपड्याला सोसणारा खार टाळूला सोसत नाही.

परीट आणि लोकर यांचा तेल ओढून घेणाऱ्या चिकणमातीशी संबंध जगभर पुरातन आहे. पाँपेई नगरीच्या उत्खननात कापड धुणाऱ्यांचे जे कारखाने सापडले, तेथील कारागीर अशीच माती वापरीत. इंग्लंडच्या सरे परगण्यात ती लोकरीतील मेंढीचा तेलकटपणा काढण्यासाठी शतकानुशतके खणली गेली. बारामती तालुक्यातील काटेवाडीस आषाढात तुकोबांची पालखी येते, तेव्हा परीट मंडळी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि धनगर आपल्या मेंढ्यांचे रिंगण घालतात. तो सोहळा पाहताना मला नेहमी वाटते, की मातीच्या या उपयोगाचे दोन्ही मूळ वारसदार, वस्त्र धुणारा आणि लोकर बाळगणारा, तेथे एकाच मैदानात उभे आहेत; माणसाच्या टाळूची पाळी बहुधा त्यांच्यानंतर आली असावी. तेल शोषण्याच्या याच गुणामुळे खाद्यतेलाच्या कारखान्यांत अशा मातीने तेलाचा रंग उतरवितात, आणि विषारी रासायनिक द्रव अंगावर पडल्यास तो टिपून घेण्यासाठी अनेक देशांच्या सैन्यांनी तिची भुकटी जवळ बाळगली.

मातीवर याहून मोठी श्रद्धा ठेवणारेही होऊन गेले. इंदापूरचा रस्ता पुण्याहून ज्या उरुळी कांचनवरून येतो, तेथे १९४६मध्ये गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम स्थापन केला आणि मणिभाई देसाई यांनी तो पुढे चालविला. ॲडॉल्फ जुस्ट या जर्मन लेखकाचे पुस्तक वाचून गांधीजी तरुणपणीच मातीच्या पट्ट्यांकडे वळले होते. ओल्या मातीचा गारवा ज्वराच्या कपाळाला सुखावतो हे खरे, पण गारवा म्हणजे गुण नव्हे. उघड्या जखमेवर, फुटलेल्या पुरळावर किंवा चिरलेल्या टाचेवर माती कधीही लावू नये. धनुर्वाताचे बीज मातीतच असते आणि ते सहजासहजी मरत नाही. आज उसाच्या रानात खते आणि तणनाशके पडत असल्यामुळे घरामागच्या काळ्या मातीकडे पाठ फिरविणाऱ्या सूनबाईंना मी मुळीच दोष देणार नाही. दोष द्यावयाचा तर तो ‘पोषण’ आणि ‘गोरेपणा’ असे शब्द मातीच्या माथी मारणाऱ्या रंगीत वेष्टनांना.

जमाबंदीच्या अंमलदाराने जमीन काय देईल हे पाहून तिचे आणे ठरविले. त्याच जमिनीने काय घ्यावे आणि कोठे थांबावे, हे बायकांनी ठरविले. मला दुसरी परीक्षा अधिक कठीण वाटते. कारण पिकाचा अंदाज एकदा चुकला तर पुढच्या हंगामात दुरुस्त होतो, आणि लेप धुण्याची वेळ मात्र दर खेपेला, दर कातडीसाठी, बोटाने चाचपूनच ठरवावी लागते.