शस्त्र खाली ठेवणारा शल्यवैद्य

मलपरीक्षा आपणांस नवी नाही. परंतु शल्यकर्मात कीर्ती मिळविलेला पाश्चात्त्य वैद्य उतारवयाकडे झुकताना शस्त्र खाली ठेवून तिच्याकडे वळतो, ही घटना आपण लक्षात घ्यावी अशी आहे.

डॉ. डेनिस बर्किट यांचा जन्म १९११ साली आयर्लंडमध्ये झाला. बालपणी एक डोळा गमावूनही ते शल्यवैद्य झाले व १९४६ पासून युगांडात राहिले. तेथील बालकांच्या जबड्यातील ज्या अर्बुदाचे त्यांनी १९५८ मध्ये वर्णन केले, ते आज ‘बर्किट लिम्फोमा’ म्हणून ओळखले जाते.

१९६६ मध्ये ते ब्रिटनला परतले. मैदा व साखर यांतच अनेक व्याधींचे मूळ आहे, हे नौदलातील वैद्य पीटर क्लीव यांचे मत त्यांच्या कानी आले आणि त्यांना आफ्रिका आठवली. मूळव्याध, पित्ताशयातील खडे, अपेंडिक्सचा दाह हे ब्रिटनमधील नित्याचे विकार तेथील खेड्यांत क्वचितच आढळत. त्यांनी दूरदूरच्या रुग्णालयांकडून नोंदी मागविल्या. वॉकर व पेंटर या सहकाऱ्यांसह १९७२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मलाची मोजमापेच मांडली. युगांडातील खेडुतांचे दैनिक मलप्रमाण चारशे ग्रॅमहून अधिक, तर ब्रिटिश गटांचे शंभर ग्रॅमच्या आसपास होते. अन्नाचा कोष्ठातील प्रवास तेथे सुमारे दीड दिवसाचा, येथे तीन दिवसांहून अधिक. कोंडा व चोथा पाणी धरून ठेवतात, म्हणून मल मृदू होतो व लवकर पुढे सरकतो, ही त्यामागील उपपत्ती.

त्यांची सर्वच अनुमाने निर्विवाद ठरली नाहीत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत तंतुमय आहाराने मोठ्या आतड्यातील अंकुर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटले नाही. तथापि ‘लॅन्सेट’मधील २०१९ च्या व्यापक समीक्षेत रोज २५ ते २९ ग्रॅम तंतू घेणाऱ्यांत हृद्रोग, मधुमेह व आतड्याचा कर्करोग कमी आढळला.

बर्किट १९९३ मध्ये निवर्तले. त्यांनी मोजून पाहिले. आपण मात्र पथ्याचे माहात्म्य सांगतो आणि रुग्णास वर्षानुवर्षे सारक चूर्णाचा डबा देत राहतो. चूर्ण खपते, ताट तसेच राहते. या दोषातून आम्ही स्वतःसही वगळत नाही. म्हणून आमची विनंती एवढीच की, चिकित्सकांनी औषधपत्रावर पहिली ओळ आहाराची लिहावी, आणि तोच डबा पुन्हा मागणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनी एकदा तरी विचारावे, “भाकरी खाता, की ब्रेड?”