तळघरातला माणूस : कादंबरीत आणि पडद्यावर

विज्ञानकथा म्हटली की यंत्रे, परग्रह आणि उडत्या तबकड्या एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पोटाच्या प्रश्नाशी तिचा काही संबंध नाही, असे चळवळीतला कार्यकर्ताही मानतो. हा समज तपासून पाहिला पाहिजे. त्यासाठी एच. जी. वेल्स याची ‘द टाइम मशीन’ ही १८९५ सालची छोटी कादंबरी आणि तिच्यावरचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत.

वेल्स मालकवर्गातला नव्हता. बाप छोटा दुकानदार, आई एका जमीनदाराच्या वाड्यात नोकरांवर देखरेख करणारी. तो स्वतः कोवळ्या वयात कापडाच्या दुकानात उमेदवारी करीत होता. आई ज्या अपपार्क वाड्यात होती, तिथे नोकरांच्या ये-जा करण्यासाठी जमिनीखालून भुयारे होती. राबणारे हात खाली आणि जेवणारी तोंडे वर, ही रचना त्याने पाहिलेली होती.

कादंबरीतला प्रवासी ८,०२,७०१ या सालात पोहोचतो. वर उजेडात एलॉय राहतात. ते देखणे, नाजूक, कसलेही काम न करणारे. खाली अंधारात मोरलॉक यंत्रे चालवितात. एलॉयांना कपडा तेच पुरवितात आणि रात्री त्यांनाच पकडून खातात. असे का झाले? प्रवासी अनुमान करतो की, मालक आणि मजूर यांच्यातली दरी वाढत वाढत माणसाच्याच दोन जाती झाल्या. लंडनची भुयारी रेल्वे आणि जमिनीखालचे कारखाने यांचा दाखलाही तो देतो.

१९६० साली जॉर्ज पाल याने चित्रपट केला. त्याच्या विशेष दृश्यपरिणामांना ऑस्कर मिळाले. पण त्यात फाळणीचे कारण बदलले. युद्धामुळे माणसे जमिनीखाली गेली, काही तिथेच राहिली, काही वर आली, असे तिथे सांगितले जाते. २००२ चा चित्रपट वेल्सच्याच पणतूने, सायमन वेल्सने, दिग्दर्शित केला. त्यात चंद्रावरच्या स्फोटांनी चंद्र फुटतो आणि मानवजात दुभंगते. दोन्हीकडे मोरलॉक उरले, मजूर मात्र नाहीसा झाला. त्याला खाली कोणी लोटले, हा प्रश्नच उरला नाही. मग नायकाने त्याला मारले की प्रेक्षक टाळ्या वाजवायला मोकळा.

अर्थात मूळ कादंबरीही निर्दोष नाही. प्रवाशाची माया एलॉयांवरच आहे. मोरलॉकांची त्याला किळस येते. त्यांच्यातल्या एकालाही स्वतःचे म्हणणे मांडायला मिळत नाही. खालच्या माणसाविषयी कणव आणि त्याची भीती ही दोन्ही वेल्सच्या मनात एकत्र नांदतात. तरीही त्याने कारण लपविले नाही, ही त्याची थोरवी होय.

हे आपण का वाचायचे? कारण विषमता दाखवायची आणि तिचा कर्ता मात्र पुसून टाकायचा, ही रीत आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे तो कर्ता पूर्वकर्माच्या नावाखाली दडविला गेला. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरीही गटारात गुदमरून माणसे मरतात आणि त्याला ‘अपघात’ म्हटले जाते. शिक्षकांनी ही कादंबरी वर्गात जरूर वाचावी, चित्रपटही दाखवावेत, आणि मग विद्यार्थ्यांना एकच विचारावे : खाली कोण आहे, आणि त्याला तिथे कोणी ठेवले? आणि मोरलॉकाच्या तोंडून ही कथा सांगून पाहण्याजोगी आहे. ती आपल्या लेखकांनी लिहावी.