हिंगोलीच्या विद्यार्थ्यांसाठी खुला वर्ग : ‘मूक’ आणि ‘स्वयम्’ यांचा परिचय

परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके असून हा जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. एखाद्या विषयाचा जाणकार शिक्षक जवळ नसला, तर विद्यार्थ्याला नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते, आणि खोलीभाडे व मेसचा खर्च ज्या घराला पेलत नाही त्या घरातील मुलामुलींसाठी तो विषय तिथेच संपतो. ‘मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स’, संक्षेपाने ‘मूक’, म्हणजे विद्यार्थीसंख्येची मर्यादा आणि बहुधा प्रवेशपात्रतेची अटही न ठेवता इंटरनेटवरून चालवला जाणारा अभ्यासक्रम. त्याचे खरे मोल अशाच जिल्ह्यात जोखले पाहिजे.

मुक्त शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले आणि संस्थापक कुलगुरू राम ताकवले यांच्या काळात छापील पुस्तके व अभ्यासकेंद्रे यांच्या आधारे ते नोकरदार, गृहिणी आणि शिक्षण सुटलेल्यांपर्यंत पोहोचू लागले. मूकची सुरुवात मात्र कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या २००८ च्या एका अभ्यासक्रमापासून मानली जाते, ज्यात शुल्क भरलेले सुमारे २५ विद्यार्थी होते आणि विनाशुल्क सहभागी झालेले दोन हजारांहून अधिक. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवले. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडेक्स हे मंच उभे राहिले. एडेक्सच्या पहिल्या अभ्यासक्रमात सुमारे १ लाख ५५ हजार नावे नोंदली गेली, पण उत्तीर्ण झाले ते सात हजारांच्या आसपास. नाव नोंदवणारा प्रत्येकजण परीक्षेसाठीच येतो असे नाही, हे मान्य केले तरी दार उघडे ठेवल्याने शिक्षण पूर्ण होत नाही, ही गोष्ट या आकड्यांनी सुरुवातीलाच दाखवून दिली.

भारतात आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटेल’ हा प्रकल्प सुरू केला. प्रारंभी तो व्याख्यानांचा संग्रह होता. २०१४ पासून त्यात प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम आले. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचाचे उद्घाटन झाले आणि एनपीटेलसह अनेक संस्थांचे अभ्यासक्रम एका ठिकाणी मिळू लागले. स्वयम्‌वरील अभ्यासक्रमाला चार अंगे असतात : दृक्‌श्राव्य व्याख्यान, वाचनसाहित्य, शंका विचारण्यासाठी चर्चामंच आणि स्वयंमूल्यमापन. यूट्यूबवर व्याख्याने पाहणे आणि मूक पूर्ण करणे यांतील फरक वेळापत्रकाचा आहे, कारण एनपीटेलच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला नवा पाठ व नवा स्वाध्याय येतो, स्वाध्यायाची मुदत टळली की त्याचे गुण जातात, आणि शेवटी ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष बसून परीक्षा द्यावी लागते. एनपीटेलच्या गुणांकनात स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ टक्के भार असतो. शिकणे विनामूल्य आहे. शुल्क पडते ते परीक्षा व प्रमाणपत्रासाठी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार विद्यापीठ एखाद्या पदवीक्रमाच्या एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून घेऊ देऊ शकते. ही मुभा आपोआप लागू होत नाही. कोणता अभ्यासक्रम श्रेयांकासाठी, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या एककांसाठी चालेल, हे विद्यापीठाने मान्य केलेले असावे लागते.

जेथे मोबाइलची रेंज टिकत नाही तेथे उपग्रहावरून चालणाऱ्या ‘स्वयंप्रभा’ या मोफत शैक्षणिक वाहिन्या उपयोगी पडतात, कारण त्यांवरील पाठ दिवसातून अनेकदा पुन्हा दाखवले जातात.

रेंजपेक्षा अवघड अडथळा भाषेचा आहे. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला विषय कळत असूनही इंग्रजी व्याख्यानाचा वेग झेपत नाही, आणि पहिल्या दोन आठवड्यांतच तो मागे पडतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने याचे एक सुज्ञ उत्तर शोधले : सुमारे दहा मिनिटांच्या पाठातील निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत, पण पडद्यावरील संगणकाची आज्ञावली मात्र मूळ इंग्रजीत, जेणेकरून समजून घेणे स्वभाषेत होते आणि कामाच्या ठिकाणी लागणारे शब्दही डोळ्यांखालून जातात. विद्यार्थ्याने पाठ पाहत पाहत तीच कृती स्वतः करून बघायची, अशी त्याची पद्धत आहे, आणि पाठ उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही शिकता येते. मराठी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रयत्न अनेक गाजलेल्या मंचांपेक्षा मोलाचा आहे.

दुसरी उणीव सोबतीची. एनपीटेलने त्यासाठी महाविद्यालयांत ‘लोकल चॅप्टर’ ही व्यवस्था केली आहे, ज्यात तेथील एक प्राध्यापक समन्वयक होतो आणि इतर प्राध्यापक विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक म्हणून त्यांच्या स्वाध्यायांवर लक्ष ठेवतात. आठवड्यातून दोन तास प्रयोगशाळा उघडी ठेवून आठ-दहा जणांना एकत्र बसवणारा प्राध्यापक जे साधतो, ते केवळ चर्चामंचाने साधत नाही.

हे सारे हिंगोलीला आज विशेष लागू आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहायची आहे, आणि तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. तिला लागणाऱ्या प्रकाशशास्त्र, लेसर आणि पायथॉन ही संगणकभाषा या विषयांचे अभ्यासक्रम एनपीटेलवर झालेले आहेत. वेधशाळेत जिल्ह्यातील तरुणांना पहारा आणि बांधकाम यांपलीकडची कामे मिळायची असतील, तर येथील महाविद्यालयांनी त्या विषयांचे अभ्यासगट आतापासूनच सुरू केले पाहिजेत.

नव्या विद्यार्थ्याने पहिल्या खेपेस चार किंवा आठ आठवड्यांचा एकच अभ्यासक्रम घ्यावा, पहिला पाठ ऐकून भाषा झेपते का ते पाहावे, जवळचे परीक्षा केंद्र कोणते आहे ते शुल्क भरण्याआधी तपासावे आणि श्रेयांक हवे असल्यास विद्यापीठाची मान्यता असल्याचे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे.