लतिफीने गाडी मुद्दाम ठोकली नव्हती

फॉर्म्युला वनचा विषय निघाला की कोणीतरी डोळा मिचकावून म्हणतंच, "अबू धाबीला सगळं आधीच ठरलं होतं. लतिफीने मुद्दाम ठोकली." आता या वाक्याचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

१२ डिसेंबर २०२१. हंगामाची शेवटची शर्यत, लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन दोघेही ३६९.५ गुणांवर. ५८पैकी ५३वी फेरी चालू होती आणि हॅमिल्टन आरामात पुढे होता. तेवढ्यात विल्यम्सच्या निकोलस लतिफीची गाडी १४व्या वळणावर भिंतीला धडकली. सगळ्या गाड्यांना रांगेत सावकाश चालवणारी सेफ्टी कार आली, व्हर्स्टॅपनने पिटमध्ये शिरून नवे सॉफ्ट टायर चढवले, हॅमिल्टन जुन्या हार्ड टायरवर ट्रॅकवरच राहिला. शेवटच्या फेरीत व्हर्स्टॅपन पुढे गेला आणि विश्वविजेता झाला.

आता कट म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा. विल्यम्सच्या गाडीत इंजिन कोणाचं? मर्सिडीजचं, म्हणजे हॅमिल्टनच्याच संघाचं. लतिफी त्या वेळी मागच्या गाड्यांत मिक शूमाकरशी झुंजत होता. नवव्या वळणावर तो ट्रॅकबाहेर गेला, टायर घाण झाले, आणि तशाच टायरवर पुढच्या गाडीच्या मागे, जिथे हवेचा दाब कमी होऊन पकड सुटते, तो १४व्या वळणात शिरला. बरं, ठोकून फायदा होईलच याची खात्री कोणी दिली होती? लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली असती तर हॅमिल्टनलाही फुकटात टायर बदलता आले असते आणि कटाचा तिथेच बोऱ्या वाजला असता. शिवाय सगळेच व्हर्स्टॅपनला जिंकवायला बसले होते म्हणता, तर पहिल्याच फेरीत हॅमिल्टन वळण सोडून बाहेरून पुढे निघाला, तेव्हा साधी चौकशीही का झाली नाही?

चूक झाली ती नंतर, आणि ती लतिफीची नव्हती. नियम असा होता की, एका फेरीने मागे पडलेल्या गाड्यांना सेफ्टी कारच्या पुढे जाऊ दिलं, तर त्यातली शेवटची गाडी पुढे गेल्यावर सेफ्टी कारने त्याच्या पुढची फेरी संपताना आत यायचं. रेस डायरेक्टर मायकेल मासीने आधी कळवलं की कोणालाच पुढे जाता येणार नाही. मग निर्णय फिरवला, आणि हॅमिल्टन व व्हर्स्टॅपन यांच्या मधल्या फक्त पाच गाड्यांना वाट दिली. बाकीच्या तशाच मागे राहिल्या, आणि सेफ्टी कार त्याच फेरीअखेर आत. नियम पाळला असता तर शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपली असती आणि हॅमिल्टनला आठवं विजेतेपद मिळालं असतं. शर्यतींची नियामक संस्था असलेल्या एफआयएच्या मार्च २०२२च्या अहवालानेच याला मानवी चूक म्हटलं आहे. मासीने सद्भावनेने काम केलं, असंही त्यात आहे. हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन यांच्या संघांचे प्रमुख थेट रेडिओवरून त्याच्या कानाशी लागलेले असताना शांत डोक्याने नियम आठवायचे, हे काम कोणालाही जड गेलं असतं. पण जड म्हणजे विकलेलं नव्हे!

"ठरलेलं होतं" म्हणणाऱ्यांना मौज वाटते, किंमत दुसराच मोजतो. शर्यत संपल्याचा झेंडा पडताच पुढे काय होणार हे लतिफीला कळलं होतं. त्याने फोनवरून इन्स्टाग्राम आणि ट्विटर काढून टाकलं. तरी जिवे मारण्याच्या धमक्या आल्याच. त्यानंतर लंडनमध्ये फिरताना त्याला अंगरक्षक सोबत ठेवावे लागले. स्पर्धकाशी जागेसाठी झुंजताना गाडी हातातून सुटली, गुन्हा एवढाच.

"ड्रायव्हर कोट्यधीश, त्यांना काय फरक पडतो?" हेही ऐकू येतं. हॅमिल्टन पॅरिसच्या बक्षीस समारंभाला गेला नाही, आणि फेब्रुवारीपर्यंत समाजमाध्यमांवर गप्प होता.

"निर्णय स्टुअर्डांचा, म्हणजे शर्यतीच्या पंचांचा होता." नाही. सेफ्टी कार रेस डायरेक्टरच्या हातात असते. स्टुअर्डांनी नंतर मर्सिडीजची तक्रार ऐकली आणि फेटाळली.

"अपील केलं असतं तर निकाल फिरला असता." मर्सिडीजने अपिलाची सूचना दिली होती, १६ डिसेंबरला ती मागे घेतली. पुढचं सगळं जर-तर.

"मासीला काहीच झालं नाही." फेब्रुवारी २०२२मध्ये त्याला रेस डायरेक्टरच्या पदावरून हटवलं, त्याच जुलैत तो एफआयए सोडून गेला. धमक्या त्यालाही आल्या.

   

"अबू धाबीतून कोणी काही शिकलं नाही." संघप्रमुखांनी रेस डायरेक्टरशी रेडिओवर थेट हुज्जत घालण्याची सोय बंद झाली, आणि मागे पडलेल्या गाड्यांना पुढे सोडायचंच तर सगळ्यांना सोडायचं, असं नियमात स्पष्ट लिहिलं गेलं.